माझ्या नावाची सुई

माझी बायको तीन वर्षं माझ्या नावानं गटारात उतरली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्याबद्दल कुणाचा गैरसमज व्हायला नको.

शहराचं नाव सांगत नाही. तुमच्या शहराचं घाला, चालेल. गटारात माणूस उतरवायला कायद्यानं बंदी आहे, आणि ती माझ्या जन्माच्याही आधीपासून आहे. त्यामुळे आमच्या ड्रेनेज खात्यात कुणीच उतरत नाही. आम्ही 'पाहणी' करतो. कमरेला दोर बांधून, छातीएवढ्या घाणीत उभं राहून, हातानं गाळ उपसत पाहणी करतो. खात्यानं सात यंत्रं आणली होती. मोठ्या रस्त्यांवर ती चांगली चालतात, त्यांचे फोटोही चांगले येतात. पण जुन्या पेठांत चेंबरचं तोंड परातीएवढं. तिथं यंत्र मावत नाही. तिथं आम्ही मावतो.

मी सुगत जोगदंड, कायम कामगार. नोकरी बापाची, वारसा हक्कानं माझ्याकडे आली. राजाच्या पोरांना गादी मिळते, आम्हाला चेंबर. तरीही घरात त्या दिवशी पेढे वाटले होते, कारण आमच्या वस्तीत कायम नोकरी असलेली घरं बोटांवर मोजण्याइतकी.

२०३८ च्या सुरुवातीला माझा जोडीदार माझ्यासमोर गॅसनं गेला. मी वर दोर धरून बसलो होतो. दोर एकदा हलला, मग हललाच नाही. मी ओढला तेव्हा वर आलं ते प्रेत. त्यानंतर चेंबरच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला की डोळ्यापुढे काळं यायचं. दोनदा उतरताना पडलो. आमच्या खात्यात भीतीला रजा नाही. तीस दिवस गैरहजर राहिलं की बिल्ला जमा, आणि पुढच्या पिढीचा हक्कही त्याच्याबरोबर गेला.

"मी जाते," विशाखा म्हणाली. दळण घेऊन येते म्हणावं तशा आवाजात.

यात नवल काही नव्हतं. आमच्याकडे बदलीची चाल जुनी. बाप अंथरुणाला खिळला की पोरगा, भावाचा हात मोडला की बहीण, नवरा दारूत बुडाला की बायको. बिल्ला तोच, माणूस दुसरा. अंगभर रबरी सूट, तोंडावर मास्क, डोक्यावर टोप, त्यात कोण आहे ते कुणी बघत नाही. चौकीत चेहरा ओळखणारं यंत्र बसवलं होतं, पण पाखरे मुकादम रोज 'यंत्र बंद' असा शेरा मारून हातानं हजेरी टाकायचे. त्यांना काम झाल्याशी मतलब. आमच्या चौकीवर आणि शेजारच्या दोन चौक्यांवर मिळून बेचाळीस बायका पुरुषांच्या नावावर उतरत होत्या. युनियनला माहीत, मुकादमाला माहीत, वस्तीतल्या कुत्र्यालाही माहीत. फक्त कागदाला माहीत नव्हतं.

पुढच्या वर्षी 'अभेद्य' योजना आली. गटार कामगारांना एक सुई, आणि मग कावीळ नाही, उंदराच्या मुताचा ताप नाही, चिघळणाऱ्या जखमा नाहीत. गॅसनं मरायचं ते मरायचंच, त्यावर सुई नव्हती. आणखी यंत्रं घ्यायची की माणसांना सुया टोचायच्या, असा विषय सभेत निघाला आणि सुया निवडल्या गेल्या. ठराव एकमतानं झाला. त्या सभेत बसलेल्यांपैकी एकालाही ती सुई घ्यायची नव्हती.

पाखरेंनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, यादीत नाव तुझं आहे, हात कुणाचा पुढे करायचा ते तुम्ही दोघं ठरवा. आम्ही घरी बसून नीट विचार केला. जो उतरतो त्याला संरक्षण हवं. मी सुई घेऊन घरात भाकऱ्या थापणार आणि ती सुईवाचून घाणीत उभी राहणार, हे काही पटेना. आम्हाला वाटलं, शहाणपणाचं आहे ते करतोय.

सकाळी सात वाजता चौकीत कंपनीच्या दोन नर्स थंड पेटी घेऊन बसल्या होत्या. मी दाराबाहेर उभा राहून बघत होतो. पाखरेंनी माझं नाव पुकारलं, विशाखा सूट घालून पुढे झाली आणि तिनं डावी बाही वर केली. दंड दिसला, मनगटावरच्या बांगड्यांचा वळ दिसला. नर्सनं मान वर करून मुकादमाकडे पाहिलं.

"आमचे जोगदंड जरा नाजूक आहेत, मॅडम," पाखरे म्हणाले. "घरी बसून खातात ना."

सगळी चौकी हसली. मीही हसलो. नर्सनं पुन्हा मान वर केली नाही, सुई टोचली आणि माझ्या नावापुढे खूण केली.

त्या सुईत काय होतं, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. पुढे मी शिकलो, कारण शिकावं लागलं.

अंगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तोच मजकूर असतो. यकृताच्या पेशीत जो, तोच कातडीच्या पेशीत. डीएनएचा दोन मीटर लांब धागा, आणि तो प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला. गुंडाळी घट्ट असेल तिथला मजकूर वाचता येत नाही, तिथलं जनुक झोपलेलं. सैल असेल तिथलं जागं. कुठली पेशी काय काम करणार, ते कुठलं पान उघडं आहे आणि कुठल्या पानावर झाकण आहे, यावर ठरतं.

रक्तात टी-पेशी असतात, अंगाच्या राखणदार. एरवी त्यांची हल्ल्याची जनुकं झाकलेली असतात. जंतू दिसला म्हणून त्या लगेच उठत नाहीत. एक खूण जंतूची लागते. दुसरी खूण दुसऱ्या एका पेशीकडून यावी लागते, की हो, धोका खरा आहे. दोन्ही पोचल्या की निरोप पेशीच्या गाभ्यात जातो, झाकणं निघतात, जनुकं भराभर वाचली जातात आणि दोन-चार दिवसांत एकीच्या हजारो होतात. नुसती पहिलीच खूण आली तर पेशी गप्प पडून राहते. हे असं नसतं तर आपल्या पेशींनी आपल्यालाच खाऊन टाकलं असतं. शिवाय काही टी-पेशींचं कामच इतरांना आवरायचं. त्या ज्या जनुकामुळे घडतात त्याचं नाव फॉक्सपी-तीन.

'अभेद्य'नं दोन गोष्टी केल्या. हल्ल्याच्या जनुकांवरची झाकणं कायमची अर्धी उघडी ठेवली, म्हणजे दुसऱ्या खुणेची वाट बघायला नको. आणि फॉक्सपी-तीनला चालू करणारा डीएनएचा एक तुकडा घट्ट झाकून टाकला, म्हणजे आवरणारे कमी. पेशी जिथं तयार होतात त्या हाडातल्या मगजापर्यंत हा बदल पोचवला, म्हणजे पुढे जन्मणाऱ्या पेशीही तशाच. मजकुरातलं एक अक्षरही बदललं नव्हतं. त्यामुळे कायद्याच्या भाषेत हा जनुकबदल ठरला नाही आणि परवानगी पाच महिन्यांत मिळाली. चाचणी तीनशे चाळीस पुरुषांवर झाली, कारण गटार कामगार म्हणून देशभरच्या याद्यांत पुरुषच होते.

सुई घेतल्यावर विशाखाला दोन दिवस ताप आला. मग तो जो गेला तो पुन्हा आलाच नाही. पायात काच घुसली, चौथ्या दिवशी जखम बुजली. वस्तीत घराघरात माणसं तापानं पडली तेव्हा ही एकटी हिंडत होती. दुपारी दोनला घरी यायची, तीनदा अंघोळ करायची, मग मी भाकरी आणि सुकटीची चटणी वाढायचो आणि ती चेंबरात काय काय सापडलं ते सांगायची. एकदा अख्खी कवळी सापडली होती. "तुझ्या आईला बसते का बघ, हल्ली फार बडबडते," असं म्हणून आईसमोरच खदखदून हसली. आई चार दिवस रुसली होती. आमच्या संसारातले ते सगळ्यात चांगले दिवस. बायको गटारात आणि मी घरात, तरीही. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

मग मूल राहिलं आणि दहाव्या आठवड्यात गेलं. सगळ्यांनी म्हटलं, पहिलं असं होतं कधी कधी. वर्षभरात दुसरं राहिलं, चौदाव्या आठवड्यात गेलं. आईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, तिला ते काम सोडायला लाव, बाईच्या जातीला झेपत नाही. मी 'बघतो' म्हणालो. तिनं काम सोडलं तर मला उतरावं लागणार होतं.

तिसरं राहिलं तेव्हा विशाखानं कुणाला सांगितलं नाही. थेट प्रसूतिगृहात डॉक्टर मुजावरांकडे गेली. फरझाना मुजावर, पन्नाशीची बाई, बोलायला तिखट आणि हातानं मऊ. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं, अहवाल आल्यावर आम्हा दोघांना आत घेतलं आणि दार लावून विचारलं, ही सुई तुला कुणी टोचली?

मी खाली बघत राहिलो. विशाखानं सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी अहवाल आमच्याकडे वळवला. मग त्यांनी समजावून सांगितलं. पोटातलं मूल अर्धं आईचं, अर्धं बापाचं. बापाचा अर्धा भाग आईच्या अंगाला परका. खरं तर राखणदार पेशींनी त्याच्यावर तुटून पडायला हवं. पण गरोदर बाईच्या अंगात आवरणाऱ्या पेशी नव्यानं तयार होतात, गर्भाशयाशी जमतात आणि बाकीच्यांना थोपवून धरतात. नऊ महिने. या पेशी तयार व्हायला फॉक्सपी-तीनचा तो एक तुकडा लागतो. गंमत अशी, की तो तुकडा कोंबडीत नाही, माशात नाही. वार असलेल्या, पोटात पोर वाढवणाऱ्या प्राण्यांतच सापडतो. जणू त्याच कामासाठी तो आला. आणि 'अभेद्य'नं नेमका तोच झाकला.

"त्यांना कळलं नाही?" विशाखानं विचारलं.

"पुरुषांच्या पोटात मूल नसतं, बाई. अहवालात दुष्परिणाम शून्य आहे."

विशाखा पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "म्हणजे पहिली दोन्ही त्यानंच गेली. मला वाटायचं मी बादल्या जड उचलल्या."

उपाय होता. काही पुरुषांची आतडी सुजायला लागली होती, म्हणून कंपनीनं उलट सुई काढली होती. ती झाकणं पूर्वीसारखी बसवते. त्याला दहा दिवस लागतात. गरोदर बाईला ती कधी दिलेली नव्हती. डॉक्टर म्हणाल्या, वचन देत नाही, पण दुसरा मार्ग नाही. तोवर गोळ्यांवर तीन आठवडे फार तर थोपवता येईल. तिला तेरावा आठवडा संपत आला होता.

अडचण एकच. उलट सुईची प्रत्येक बाटली यादीतल्या नावावर सुटते. यादीत विशाखा नव्हती, मी होतो. बाटली माझ्या नावावर मागवली असती, तर टोचायच्या वेळी माझा चेहरा आणि माझं रक्त तपासलं गेलं असतं. इथं मास्क आणि मुकादम चालणार नव्हते. त्यामुळे यादीतल्या माणसानं, म्हणजे मी, लिहून द्यायचं, की माझ्या नावाची सुई प्रत्यक्षात माझ्या बायकोनं घेतली. वॉर्ड ऑफिसात आवक शिक्का बसला की त्याच कागदावर बाटली तिच्या नावानं सुटेल. डॉक्टरांनी मजकूरही सांगितला. सहा ओळी होत्या.

घरी आल्यावर विशाखानं कागद-पेन माझ्यासमोर ठेवलं. मी लिहिलं. वर तारीख टाकली, ३ फेब्रुवारी. खाली सही केली. तिनं वाचलं, घडी घातली आणि माझ्या शर्टाच्या खिशात ठेवली. उद्या सकाळी पहिल्यांदा तिथंच जा, एवढंच म्हणाली.

मी गेलोही होतो. पण वाटेत युनियनचं ऑफिस लागतं, आणि तिथं ढगे अण्णा बसलेले असतात. वाटलं, त्यांना सांगितल्याशिवाय असं काही करणं बरं नाही. माझ्या बापाची नोकरी त्यांनी टिकवली होती, बापाच्या मैताला त्यांनी खांदा दिला होता. अण्णांनी कागद दोनदा वाचला. ओरडले नाहीत. मला चहा पाजला. म्हणाले, सुगत, हा कागद एकट्या तुझा नाही. तुझी बदली उघडी पडली की बाकीच्या एक्केचाळीस उघड्या पडतात. सगळ्यांचे बिल्ले जमा. आपल्यामागे नोकरी कुणाला द्यायची, ती वारसांची यादी आयुक्तांच्या सहीला गेली आहे, बारा तारखेला मंजूर होईल. एकदा मंजूर झाली की मी स्वतः तुझ्याबरोबर येतो, सगळ्यांचे कागद एकदम देऊ, कुणाला हात लावता येणार नाही.

"नऊ दिवस," अण्णा म्हणाले. "नऊ दिवस तुला थांबवत नाही का?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. ते स्वतः तसं मानत होते. आणि मला थांबायला कारण हवंच होतं, हे आता कबूल करतो. कागद दिला की बिल्ला जाणार, बिल्ला गेला की मी कोण? बापाचं एवढंच माझ्याकडे होतं.

घरी आलो. विशाखानं विचारलं, दिला? मी म्हणालो, दिला.

पुढे ते सोपं होत गेलं. रोज ती विचारायची, कुठवर आलं? मी म्हणायचो, साहेबांच्या टेबलावर आहे, सही व्हायचीय. ऑफिसची कीर्ती माझ्या कामी आली. डॉक्टर मुजावरांनी एकदा वॉर्ड ऑफिसात फोन केला, तिकडून उत्तर आलं, असा काही कागद आमच्याकडे नाही. डॉक्टर भडकल्या, पण ऑफिसवर. हरवला असेल यांनीच, म्हणाल्या. विशाखा म्हणाली, दुसरा लिहून दे. मी दुसरा लिहिला. तोही पहिल्याबरोबर त्याच खिशात ठेवला.

बारा तारखेला आयुक्त दौऱ्यावर होते. यादी वीसवर गेली. वीसची बाविसावर. मी रोज अण्णांकडे जायचो, अण्णा रोज चहा पाजायचे.

एकवीस तारखेला दुपारी विशाखा जेवता जेवता थांबली. माझा हात ओढून तिनं पोटावर ठेवला. म्हणाली, हलतंय, बघ, मासोळीसारखं. मी श्वास धरून बसलो. मला काहीच कळलं नाही. इतक्या लवकर बाहेरून हाताला कळत नाही, हेही मी नंतर शिकलो. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती, म्हणून मी म्हणालो, हो, हलतंय. माझा उजवा हात तिच्या पोटावर होता. खिशातल्या कागदांची घडी मला छातीला टोचत होती.

त्याच दिवशी दिला असता तरी उशीर झाला होता, असं डॉक्टर पुढे म्हणाल्या. माझ्यासाठी म्हणाल्या की खरं म्हणाल्या, मला माहीत नाही.

बाविसालाही यादीवर सही झाली नाही. चोवीस तारखेला सकाळी आठला तिला रक्त जायला लागलं. प्रसूतिगृहात पोचवलं, डॉक्टरांनी तिला आत घेतलं, आणि मी वॉर्ड ऑफिसकडे पळत सुटलो. युनियनचं ऑफिस लागलं, अण्णा दारातच होते, मी थांबलो नाही. खिडकीवरच्या बाईंनी दोन्ही कागद बघितले, एकच पुरे म्हणाल्या, पहिल्यावर शिक्का मारला. मी म्हणालो, ताई, जरा लवकर, माझी बायको दवाखान्यात आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कागद हातात घेऊन उठल्या आणि स्वतः वरच्या मजल्यावर गेल्या. अकरा वाजता सही झाली. बारा वाजता बाटली निघाली.

चार तास. मला आधी वाटलं होतं, चार आठवडे लागतील. चार तास लागले.

बाटली दवाखान्यात पोचायच्या आधी मुलगी होऊन गेली होती. माझ्या तळहातावर मावेल एवढी. नखं आली होती. डॉक्टरांनी ती मऊ फडक्यात गुंडाळून विशाखाला दिली. विशाखानं फडकं बाजूला करून नीट पाहिलं, हात पाहिले, पाय पाहिले. मला घ्यायला दिली नाही. मी मागितलीही नाही.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला खोलीत बोलावलं. बाटली आली होती ती विशाखाच्या नावावर, आता ती तिनं घ्यायची की नाही ते विचारायचं होतं. फाईल टेबलावर उघडी होती. संमतीची सही जिथं करायची, त्याच्याच समोर माझा कागद लावलेला. विशाखा सही करायला वाकली आणि थांबली. तिला वाचता येतं. वर माझ्या अक्षरातली तारीख, ३ फेब्रुवारी. खाली निळा गोल शिक्का, आवक, २४ फेब्रुवारी.

तिनं शिक्क्यावर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

डॉक्टरांनी चष्मा लावून बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. अण्णा, यादी, बारा तारीख, वीस, बावीस, सगळं. खोलीत पंखा होता, तो बंद होता, एवढंच मला आठवतं.

विशाखा ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं हिशोब लावल्यासारखं हळूहळू विचारलं, "एकवीस तारखेला तू हात ठेवला होतास. तेव्हा कुठे होता कागद?"

"खिशात."

"आणि हललेलं कळलं होतं?"

मी म्हणालो, "नाही."

तिनं मान हलवली. मग पेन उचललं आणि संमतीवर सही केली. विशाखा जोगदंड असं पूर्ण लिहिलं.

डॉक्टर मुजावरांनी सुई टोचायच्या आधी एक गोष्ट सांगितली. त्यांनी माझ्या कागदाच्या आधारावर तिन्ही चौक्यांवर पुरुषांच्या नावानं सुई घेतलेल्या बायकांना तपासायला बोलावलं होतं, दोन दिवसांत एकतीस जणी येऊन गेल्या. नऊ जणींची मुलं गेली होती. कुणाचं एक, कुणाची तीन. एकीनंही दुसरीला सांगितलं नव्हतं, प्रत्येकीला वाटत होतं आपल्याच अंगात खोट आहे. एकीला त्यावरून नवऱ्यानं टाकलं होतं. आणि पुढे कुणाचा बिल्ला गेला म्हणाल, तर बाकीच्यांतल्या एकाचाही जमा झाला नाही. बेचाळीस जण एकदम काढले तर पेठांतली गटारं कोण उपसणार? खात्यानं गुपचूप त्या बायकांना 'पाहणी सहाय्यक' करून घेतलं. काढलं फक्त मला, कारण लेखी पहिलं मी दिलं. अण्णा इतके दिवस ज्या गोष्टीला भीत होते, ती झालीच नाही. ती होणारच नव्हती.

त्या दिवशी त्या नऊ जणींचं ऐकून मी विशाखाकडे पाहिलं. ती बाही वर करत होती.

सुई टोचून झाली. डॉक्टर म्हणाल्या, दहा दिवसांत झाकणं बसतील. पुन्हा आजारी पडशील, सर्दी-ताप येईल, घाबरू नको, ते चांगलं लक्षण. वर्षभर थांबा. मग दोघं या, पुढचं बाळंतपण मी स्वतः बघते.

"मी येईन," विशाखा डॉक्टरांना म्हणाली. "मूल हवंय मला. ह्याचं नको."

ती हे माझ्याकडे पाठ करून म्हणाली नाही. मी शेजारच्याच खुर्चीत होतो. रागानंही म्हणाली नाही. औषधाची वेळ विचारावी तसं म्हणाली. डॉक्टरांनी फाईल बंद केली, पुन्हा उघडली, आणि त्यात काहीतरी लिहीत राहिल्या.

बहीण तिला न्यायला येणार होती. पिशवी भरलेली होती, ती सकाळीच भरली असणार, म्हणजे शिक्का बघायच्या आधीच. ते कधी ठरलं, मला कधी कळलं नाही, आणि विचारायचं तोंड नव्हतं. तिच्या दंडावर टोचल्याजागी कापसाचा बोळा होता, तो निसटत होता. मी उठून हात पुढे केला, म्हणालो, मी धरतो.

"धरता येतं मला," ती म्हणाली, आणि दुसऱ्या हातानं बोळा दाबून बहिणीची वाट बघत बसली.